बंद खोलीतील गांजाचे रोप : थंडी, फुलोरा आणि कायदा

घराच्या एका खोलीत, दिव्यांच्या प्रकाशात आणि यंत्राने राखलेल्या हवेत गांजाची रोपे वाढविण्याचे प्रकार गेल्या काही वर्षांत भारतातील शहरांतही पोलिसांच्या नजरेस येऊ लागले आहेत. ही पद्धत मूळची उत्तर अमेरिका व युरोपातील थंड प्रदेशांची. बाहेर हिम पडत असताना आत कृत्रिम उन्हाळा आणि नंतर कृत्रिम शरद ऋतू निर्माण करणे, एवढाच तिचा गाभा आहे. काही देशांनी अशा लागवडीला मर्यादित परवानगी दिली आहे. भारतात मात्र रोप डोंगरउतारावर असो, शेतात असो वा खोलीतील कुंडीत असो, विनापरवाना लागवड हा गुन्हाच ठरतो. त्यात एक बाब अनेकांना ठाऊक नसते. एक किलोपर्यंत गांजा बाळगल्यास कमाल शिक्षा एक वर्षाची आहे. रोपाच्या लागवडीसाठी ती दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते आणि तेथे रोपांची संख्या वा वजन यांची किमान मर्यादा घातलेली नाही.

हे रोप फुलते कसे, थंडीचा त्यावर काय परिणाम होतो, बंद खोलीतील लागवडीची खरी किंमत कोणती आणि कायद्याची रेषा नेमकी कोठे आहे, याचा हा आढावा.

एकाच रोपाची तीन रूपे

भांग, गांजा आणि चरस ही तीन वेगळी झाडे नव्हेत. कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये ‘कॅनाबिस सटायव्हा’ असे नाव दिलेल्या एकाच वनस्पतीपासून ती मिळतात. भांग प्रामुख्याने पानांपासून तयार होते. मादी रोपाचे फुललेले शेंडे म्हणजे गांजा, तर रोपातून वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस.

या वनस्पतीत नर आणि मादी रोपे बहुधा स्वतंत्र असतात. मादी फुलांभोवतीच्या लहान पानांवर अतिसूक्ष्म ग्रंथी असतात आणि त्यांत चिकट राळ साठते. नशा आणणारे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजेच टीएचसी, हे द्रव्य प्रामुख्याने याच राळेत आढळते. इस्रायली शास्त्रज्ञ राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये ते वेगळे करून त्याची रचना स्पष्ट केली. खोडाच्या धाग्यात आणि बियांत हे द्रव्य नगण्य असते. त्यामुळे धागा, बी आणि फुलोरा यांना विज्ञानात जसे वेगळे स्थान आहे, तसेच ते कायद्यातही आहे.

फुलोरा ठरतो तो अंधारावर

गांजाचे रोप ‘अल्पदिन’ वनस्पतींच्या गटात मोडते. शेवंतीही याच गटातील. दिवस मोठा असेपर्यंत अशी रोपे पाने आणि फांद्या वाढवीत राहतात. रात्र पुरेशी लांबली की फुलोऱ्यावर येतात. उत्तर भारतात उन्हाळ्यात वाढलेले रोप पावसाळा सरता सरता फुलते, ते याच कारणाने. फुलण्याचा संकेत मुख्यतः थंडीतून मिळत नसून अखंड अंधाराच्या कालावधीतून मिळतो. निसर्गात लांब रात्र आणि उतरता पारा एकाच वेळी येतात, म्हणून थंडीमुळेच फुले येतात असा समज रूढ झाला आहे.

याला एक अपवाद आहे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ दिमित्री यानिशेव्स्की यांनी १९२४ मध्ये ‘कॅनाबिस रुडेरालिस’ या रानटी प्रकाराचे वर्णन केले. जेथे उन्हाळा अल्पकाळ टिकतो आणि हिवाळा लवकर येतो, तेथे रात्र लांबण्याची वाट पाहणाऱ्या रोपाला बी धरण्याइतका अवधी मिळणे कठीण. हा प्रकार दिवसाच्या लांबीवर विसंबत नाही. ठरावीक वय झाले की तो फुलतो. रोप बुटके राहते आणि त्यात टीएचसीही कमी असते. थंड हवामानाशी या वनस्पतीने केलेल्या जुळवणीचे हे ठळक उदाहरण मानले जाते. त्याला वेगळी प्रजाती मानावे की उपप्रकार, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

थंडीत नेमके काय घडते

मिसिसिपी विद्यापीठात अमेरिकी सरकारच्या परवानगीने संशोधनासाठी या वनस्पतीची लागवड केली जाते. तेथील सुमन चंद्र, हेमंत लता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्यांनी तपासलेल्या वाणात प्रकाशसंश्लेषणाचा वेग सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानाला सर्वाधिक होता. तापमान त्याहून खाली येत गेले तसा तो मंदावला. गारव्यात मुळांकडून पाणी आणि अन्नद्रव्ये शोषली जाण्याचे प्रमाण घटते, वाढ खुंटते आणि फुलोरा पक्व होण्यास विलंब लागतो. तापमान गोठणबिंदूखाली गेले तर पेशींतील पाण्याचे बर्फ होऊन रोपाच्या ऊती नष्ट होतात.

थंडीत काही वाणांची पाने आणि फुले जांभळट होतात. हा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. जांभूळ आणि लाल कोबी यांनाही तेच रंग देते. जांभळा गांजा अधिक तीव्र असतो, या समजुतीला मात्र आधार नाही. रंगद्रव्य आणि टीएचसी यांची निर्मिती रोपात वेगवेगळ्या मार्गांनी होते आणि एकावरून दुसऱ्याचे प्रमाण सांगता येत नाही.

थंड बंद जागेतील सर्वांत गंभीर प्रश्न बुरशीचा आहे. हवा गार झाली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता घटते आणि पाणी थंड पृष्ठभागावर साचते. दाट फुलोऱ्याच्या आत ओल राहिली की ‘बॉट्रायटिस सिनेरिया’ ही करडी बुरशी वाढते. द्राक्षबागायतदारांना ती परिचित आहे. साठवणुकीत ओल राहिल्यास ‘अॅस्परजिलस’ वर्गातील बुरशीही वाढू शकते. कर्करोगावर उपचार घेणारे, अवयवरोपण झालेले किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण यांच्या फुप्फुसांना तिच्यापासून धोका संभवतो. कायदेशीर बाजारपेठ असलेल्या देशांत बुरशी, कीटकनाशके आणि जड धातू यांची प्रयोगशाळेत तपासणी बंधनकारक केली जाते, त्यामागे हेच कारण आहे. चोरून पिकविलेल्या मालावर अशी कोणतीही तपासणी होत नाही.

डोंगरावरचे रोप आणि खोलीतील रोप

थंडी आणि हे रोप यांचा संबंध जुना आहे. मध्य आशियातील पामीर पर्वतरांगेत, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवरील सुमारे २,५०० वर्षांपूर्वीच्या दफनभूमीत लाकडी धूपपात्रे सापडली. त्यांतील अवशेषांत टीएचसीच्या खुणा तुलनेने ठळक होत्या, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नमूद आहे. हिमाचल प्रदेशातील पार्वती खोऱ्यातील मलाणा हे गाव चरसासाठी जगभर ओळखले गेले. तेथे हिवाळ्यापूर्वी, साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुललेली रोपे हाताने चोळून राळ काढली जाते. पर्यायी उत्पन्नाची साधने तुटपुंजी असलेल्या या भागात पोलीस आणि अमली पदार्थ नियंत्रण विभाग बेकायदा पीक नष्ट करण्याच्या मोहिमा राबवितात.

डोंगरावरच्या रोपाला थंडीपूर्वी आपले जीवनचक्र पूर्ण करावे लागते. खोलीतील रोपाला ती घाई नसते, कारण त्याचे ऋतू माणूस ठरवितो. मात्र त्याची किंमत विजेत मोजावी लागते.

अमेरिकेतील संशोधक इव्हान मिल्स यांनी २०१२ मध्ये अमेरिकेतील बंदिस्त लागवडीच्या ऊर्जावापराचा अंदाज मांडला. देशाच्या एकूण वीजवापरात या लागवडीचा वाटा सुमारे एक टक्का असून त्यावर वर्षाला सुमारे सहा अब्ज डॉलर खर्च होतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात अधिक तपशीलवार गणित मांडले. एक किलो वाळलेल्या फुलोऱ्यामागे, ठिकाणानुसार, २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, असे त्यात आढळले. खर्चाचा मोठा भाग केवळ दिव्यांचा नाही. बाहेरची हवा आत घेऊन ती तापविणे वा थंड करणे आणि तिच्यातील बाष्प काढणे यांवर प्रचंड ऊर्जा खर्ची पडते. म्हणूनच समशीतोष्ण किनाऱ्यांच्या तुलनेत कडक हिवाळ्याच्या प्रदेशांत हा आकडा फुगतो. खुल्या जमिनीवर ऊन आणि वारा जे विनामूल्य देतात, ते खोलीत विकत घ्यावे लागते.

बेकायदा ठिकाणी याला आणखी दोन धोके जोडलेले असतात. मीटर टाळून घेतलेली वीज आणि क्षमतेबाहेर ताणलेली वायरिंग यांमुळे आगीची शक्यता वाढते, तर सततच्या ओलीमुळे भिंतींवर बुरशी धरते. दोन्हींचा फटका त्याच इमारतीत राहणाऱ्या शेजाऱ्यांनाही बसू शकतो.

भारतीय कायद्याची रेषा

भारतात ब्रिटिश काळात गांजाची लागवड परवाना आणि कर यांच्या चौकटीत चालत असे. सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या भारतीय भांग आयोगाने देशभरातील एक हजाराहून अधिक साक्षी नोंदवून १८९४ मध्ये अहवाल दिला आणि संपूर्ण बंदीऐवजी नियंत्रणाची शिफारस केली. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानंतर चित्र पालटले आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’, म्हणजेच एनडीपीएस कायदा, अमलात आला.

या कायद्याच्या कलम २ नुसार ‘गांजा’ म्हणजे रोपाचे फुललेले वा फळ धरलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया या व्याख्येतून वगळल्या आहेत. त्यामुळे भांगेचा प्रश्न राज्यांच्या कायद्यांकडे जातो. काही राज्यांत परवानाधारक दुकानांतून ती विकली जाते. महाराष्ट्रात ती दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते.

येथूनच एक घातक गैरसमज निर्माण होतो. पाने गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत, म्हणून पानांसाठी रोप लावण्यास हरकत नाही, असे काही जण मानतात. वस्तुतः कलम ८ ने ‘गांजाच्या कोणत्याही रोपाच्या’ लागवडीस मनाई केली आहे आणि रोपाच्या व्याख्येत कॅनाबिस कुळातील प्रत्येक वनस्पती येते. ते फुललेले असावे अशी अट नाही. ते मातीत असावे, पाण्यावर वाढविलेले नसावे, उघड्यावर असावे, अशीही कोणती अट नाही.

शिक्षेची तरतूद कलम २० मध्ये आहे. लागवडीसाठी दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गांजा बाळगण्याच्या बाबतीत मात्र प्रमाणानुसार शिक्षा बदलते. एक किलोपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’ समजले जाते. त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याहून अधिक, परंतु व्यापारी प्रमाणाहून कमी साठ्यासाठी दहा वर्षांपर्यंत कारावास आहे. २० किलोपेक्षा अधिक साठा हे व्यापारी प्रमाण ठरते आणि तेथे शिक्षा किमान दहा, कमाल वीस वर्षे आहे. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यांत जामिनाच्या अटीही अत्यंत कठोर आहेत.

‘विकत घेण्यापेक्षा स्वतःपुरते एखादे रोप लावणे सुरक्षित’ हा तर्क म्हणूनच कायद्यापुढे टिकत नाही. अल्प प्रमाणाची सवलत बाळगणाऱ्याला आहे, लावणाऱ्याला नाही. स्वेच्छेने व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यसनग्रस्तास कलम ६४ अ नुसार खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. परंतु तेही सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांपुरते मर्यादित आहे.

घरमालकांसाठी कलम २५ महत्त्वाचे आहे. आपली जागा अशा गुन्ह्यासाठी वापरू देणाऱ्या मालकाला वा ताबेदाराला, त्याला त्याची जाणीव असल्यास, मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा होऊ शकते. आपल्या जमिनीवर बेकायदा लागवड असल्याचे समजताच पोलिसांना वा संबंधित अधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन कलम ४६ ने जमीनधारकांवर घातले आहे. महाराष्ट्रात कापूस, तूर यांसारख्या पिकांच्या आड गांजा लावल्याची प्रकरणे वेळोवेळी उघडकीस येतात. जमीन वाट्याने वा खंडाने देणाऱ्या शेतकऱ्यांनी हे कलम ध्यानात ठेवणे हिताचे ठरते.

अलीकडे ‘हायड्रोपोनिक वीड’ या नावाने परदेशातून येणारा माल मुंबईसह अनेक विमानतळांवर सीमाशुल्क विभागाकडून पकडला जातो. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडून जप्तीची अनेक प्रकरणे नोंदली गेली आहेत. बंद जागेत, पाण्यावर वाढविलेल्या रोपांचा हा फुलोरा असतो. नाव नवे असले तरी व्याख्येत लागवडीच्या पद्धतीला स्थान नाही. आयातीचा गुन्हा त्यात वेगळा जोडला जातो. ओळखीच्या व्यक्तीने ‘भेटवस्तू’ म्हणून दिलेले बंद पाकीट सामानात घेणे किती महाग पडू शकते, हे या प्रकरणांवरून दिसते.

परवानगीचा मार्ग कोठे आहे

कायद्याने दरवाजा पूर्णपणे बंद केलेला नाही. कलम १० नुसार राज्य सरकारे वैद्यकीय व वैज्ञानिक कारणांसाठी लागवडीचे नियमन करू शकतात, तर कलम १४ नुसार केवळ धागा, बी किंवा उद्यानविद्याविषयक उपयोगासाठी लागवडीस सरकार परवानगी देऊ शकते. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीस परवाना दिला. तेथे टीएचसीची मर्यादा ०.३ टक्के ठेवण्यात आली. हिमाचल प्रदेशात २०२४ मध्ये विधानसभेने औषधी आणि औद्योगिक उपयोगासाठी नियंत्रित लागवडीच्या बाजूने ठराव केला. त्यानंतर २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणी येथील विद्यापीठांच्या साहाय्याने पथदर्शी अभ्यासास मंत्रिमंडळाने मान्यता दिली. जम्मू येथील भारतीय समवेत औषध संस्थेत औषधनिर्मितीच्या दृष्टीने संशोधन सुरू आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ मध्ये भांगेचे बी व त्याचे तेल यांना ठरावीक मर्यादांसह खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली.

या सर्व मार्गांत एक समान सूत्र आहे. परवाना आधी, रोप नंतर. परवाना ठरावीक हेतूपुरताच असतो आणि पिकाची तपासणी होते. घरगुती वापरासाठी रोप लावण्याचा परवाना या चौकटीत बसत नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही भूमिका बदलत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला १९६१ च्या कराराच्या सर्वाधिक कठोर चौथ्या परिशिष्टातून वगळले. भारताने बदलाच्या बाजूने मत दिले. मात्र गांजा पहिल्या परिशिष्टात कायम असल्याने नियंत्रण उठलेले नाही आणि या मतदानाने भारतातील कायदा बदललेला नाही.

परदेशात राहणाऱ्यांसाठी

शिक्षण आणि नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या मराठी तरुणांना तेथील नियमांतील फरक माहीत असणे आवश्यक आहे. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना घरात चार रोपे लावता येतात. ही मर्यादा व्यक्तीमागे नसून घरामागे आहे. क्यूबेक प्रांताने घरगुती लागवडीवर घातलेली बंदी तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वैध ठरविली. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ रहिवाशांना तीन रोपांची मुभा आहे. माल्टाने २०२१ मध्ये घरामागे चार रोपांना परवानगी दिली, तर उरुग्वेचा कायदा २०१३ चा आहे. थायलंडचा अनुभव बोलका आहे. २०२२ मध्ये निर्बंध उठविल्यानंतर तेथील सरकारने २०२५ मध्ये फुलोऱ्याच्या विक्रीसाठी वैद्यकीय चिठ्ठी सक्तीची केली. अमेरिकेत अनेक राज्यांनी परवानगी दिली असली तरी संघीय कायदा वेगळा आहे आणि व्हिसाधारकांना त्याचे परिणाम भोगावे लागू शकतात.

यापैकी कोणत्याही देशातील मुभा सीमेपलीकडे लागू होत नाही. कॅनडात कायदेशीररीत्या घेतलेला फुलोरा भारतात आणणे हा गुन्हा आहे आणि परदेशातून बिया मागवून भारतात रोप लावणे हाही गुन्हाच आहे.

कोठे संपर्क साधावा

अमली पदार्थांची बेकायदा लागवड वा व्यापार यांची माहिती देण्यासाठी केंद्र सरकारची ‘मानस’ ही हेल्पलाइन १९३३ या क्रमांकावर उपलब्ध आहे. व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. घरात एखादा तरुण अशा लागवडीच्या नादी लागल्याचे लक्षात आल्यास त्याच्याशी वेळीच बोलणे आणि वकिलाचा तसेच गरजेनुसार डॉक्टरांचा सल्ला घेणे उचित ठरते. खोलीत उन्हाळा किंवा हिवाळा निर्माण करता येतो. देशाचा कायदा मात्र त्या खोलीच्या दाराशी थांबत नाही.